235 पोथ्या आणि एक भूर्जपत्र

लाओत्सेच्या नावावरचा 'दाओ दे जिंग' हा ग्रंथ चिनी लिपीतल्या सुमारे 5 हजार अक्षरांचा. एका बैठकीत वाचून संपतो. आमच्या जबलपुरात एके काळी तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या रजनीशांना त्यावर बोलायला 127 प्रवचनं लागली, ती गोष्ट निराळी! पण लिहिला कुणी? इसवी सनापूर्वी 100 च्या सुमारास इतिहास लिहिणारा सिमा च्येनही तिथे अडखळला. लाओत्से म्हणजे नेमका कोण, हे त्याला ठरवता आलं नाही. 1973 मध्ये मावांगद्वीच्या कबरीत रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती निघाल्या, तर त्यांत ग्रंथाचा उत्तरार्ध आधी! 1993 मध्ये गुओदियनला बांबूच्या 71 पट्ट्या सापडल्या. त्या इसवी सनापूर्वी 300 च्या आसपासच्या, आणि त्यांवर मजकूर जेमतेम 2 हजार अक्षरांचा.

इतक्याशा ग्रंथाची ही कथा, मग आपल्या व्यासांचं काय?

महाभारत लाख श्लोकांचं, असं आपण म्हणत आलो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये त्याची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि ती पुरी झाली 1966 मध्ये. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लाखाची देणगी आधीच कबूल केली होती. 47 वर्षांत विष्णु सीताराम सुखटणकर, श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य असे तीन प्रमुख संपादक लागले. पडताळलेल्या पोथ्या 1259. चाळून उरलेले श्लोक पाऊण लाखाच्या घरात. श्लोकाला 32 अक्षरं धरली तरी 24 लाख अक्षरं होतात, म्हणजे लाओत्सेच्या जवळपास पाचशेपट.

पण खरी मेहनत पाठभेद टिपण्यात होती. छापील प्रतीतला एकेक श्लोक कागदावर घ्यायचा आणि पोथी उघडून अक्षराखाली अक्षर ताडून बघायचं. एकट्या आदिपर्वात 7 हजारांवर श्लोक आणि हाताशी घेतलेल्या पोथ्या सुमारे 60. सगळ्या पोथ्या अथपासून इतिपर्यंत धड असत्या, तर ही अक्षरं सव्वा कोटीच्या पुढे गेली असती. ना संगणक, ना झेरॉक्स. बंगाली पोथ्या शांतिनिकेतनात आणि दक्षिणेकडच्या तंजावरात ताडल्या जात.

आदिपर्वाच्या तेव्हा माहीत असलेल्या पोथ्या 235. देवनागरी 107, बंगाली 32, ग्रंथ लिपीतल्या 31, तेलुगू 28, मल्याळम 26, नेपाळी 5, शारदा लिपीतल्या 3, आणि मैथिली, कन्नड, नंदिनागरी प्रत्येकी 1. बहुमताने निकाल द्यायचा तर देवनागरी कधीच जिंकली असती. सुखटणकरांनी मतं मोजलीच नाहीत. देवनागरी पोथ्या सगळीकडचं गोळा करत फुगल्या होत्या. उलट काश्मीरची भूर्जपत्रावरची शारदा पोथी तुटकी, पण आटोपशीर. तिचा पाठ केरळातल्या मल्याळम पोथ्यांशी जुळला, की तो जुना धरायचा, कारण देशाच्या दोन टोकांवरच्या लेखनिकांनी संगनमत करून एकच भर घालणं अशक्य. मला हा युक्तिवाद सगळ्या आकड्यांहून थोर वाटतो.

या कसोटीत भल्याभल्या कथांचा बळी गेला. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, ही घराघरातली कथा मूळ संहितेतून परिशिष्टात गेली. कीर्तनकारांकडून ती कुणी परत मागितली नाही, हे बरं झालं.

व्यास मात्र हाती लागले नाहीत. सुखटणकरांचा तसा दावाही नव्हता. उपलब्ध पोथ्यांवरून पोचता येईल तितका जुना पाठ द्यायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. आदिपर्व 1933 मध्ये पुरं झालं. कुठल्याच पोथीत धड पाठ न मिळाल्याने त्यांनी मोजक्या जागी स्वतः तर्काने पाठ सुचवले होते. पुढे नेपाळच्या राजगुरू हेमराजांकडून एक जुनी ताडपत्री पोथी आली. त्या तर्कांपैकी बरेच तिच्यात जसेच्या तसे निघाले.