भाग ११ : पकडून आपटणं ही चीटिंग आहे का?

मागच्या भागात आपण व्हिडिओ गेममधली उडी कशी बेतलेली असते ते पाहिलं. आज विषय आहे फेक. म्हणजे वस्तू उचलून फेकणं, आणि समोरच्याला पकडून आपटणं.

हा विषय मी निवडला नाही, तो माझ्यावर आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन नातवंडं घरी होती. थोरला तेरा वर्षांचा, धाकटा नऊचा. दोघं ‘स्ट्रीट फायटर ६’ खेळत होते. धाकटा मागे सरून, अंग चोरून, प्रत्येक ठोसा अडवत होता. थोरला शांतपणे जवळ जायचा, त्याला धरायचा आणि आपटायचा. असं लागोपाठ सात वेळा झालं. शेवटी धाकट्याने रिमोट गादीवर भिरकावला आणि रडत माझ्याकडे आला. “आजोबा, ये तो चीटिंग है! मी ब्लॉक केलं होतं, तरी त्याने पाडलं.” आमच्याकडची मुलं भांडताना निम्मी हिंदीत भांडतात, ते चालायचंच.

मी फारसा विचार न करता हुकूम सोडला, “आजपासून या घरात पकडून आपटणं बंद.” तो हुकूम मला दोन दिवसांत मागे घ्यावा लागला. का घ्यावा लागला, हे आज सांगतो. पण आधी साध्या फेकीपासून सुरुवात करू.

वस्तू फेकणं : हिशेब सोपा आहे

आमच्या जबलपुरात ग्रेनेडियर्स रेजिमेंटचं केंद्र आहे. ग्रेनेडियर हा शब्दच मुळी ग्रेनेड फेकणाऱ्या सैनिकावरून आला. ग्रेनेड फेकायला शिकवताना दोन गोष्टी मनावर ठसवतात. पहिली, ती कमानीने जाते, त्यामुळे भिंतीच्या किंवा खड्ड्याच्या पलीकडेही पोचते. दुसरी, फेकणारा क्षणभर आडोशाबाहेर येतो. हात मागे घेतल्यापासून पुन्हा खाली बसेपर्यंत तो उघडा असतो. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. आजचा सगळा भाग तिच्याभोवती फिरणार आहे.

गेममधली कमान कशी तयार होते? पडद्यावरचं चित्र साधारणपणे सेकंदाला ६० वेळा बदलतं. त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. समजा, फेकलेला दगड दर फ्रेमला ३ ठिपके पुढे जातो. वर जाण्याचा वेग सुरुवातीला ८ ठिपके, आणि दर फ्रेमला त्यातला १ वजा होतो. म्हणजे दगड आधी ८ ठिपके वर, मग ७, मग ६, असा आठ फ्रेममध्ये ३६ ठिपके चढतो. क्षणभर वरच थांबतो आणि त्याच हिशेबाने खाली येतो. एकूण १७ फ्रेम, आणि अंतर ५१ ठिपके. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण पद्धत हीच. वजाबाकीचा आकडा लहान केला की फेक तरंगत जाते, मोठा केला की धोंड्यासारखी पडते. शाळेत शिकलेलं गुरुत्वाकर्षण गेममध्ये असं एका वजाबाकीत मावतं.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे आणि कॅसेट बदलायचे व्हिडिओ गेम तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असतील. त्यातला ‘ॲडव्हेंचर आयलंड’ आठवा. त्यातला टोपीवाला गडी दगडी कुऱ्हाडी फेकायचा. त्या सरळ न जाता अशाच कमानीने पडायच्या, म्हणून अंतर ओळखून फेकाव्या लागायच्या.

आता उघडा क्षण बघा. १९८८ च्या ‘सुपर मारियो ब्रदर्स २’ मध्ये जमिनीतून भाज्या उपटून शत्रूवर फेकायच्या असतात. उपटायला वेळ लागतो आणि तेवढ्यात शत्रू येऊन धडकू शकतो. यात चार पात्रं आहेत. टोड झपकन उपटतो, पीचला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, पण तिला उडी मारल्यावर थोडा वेळ हवेत तरंगता येतं. म्हणजे फेकायला सोपं की उडायला सोपं, हे खेळणाऱ्याने आधीच निवडायचं.

‘मारियो ३’ मध्ये कासवाचं कवच बटण दाबून हातात धरता येतं आणि बटण सोडलं की ते सुसाट सुटतं. समोर भिंत असेल तर ते उलटून तुमच्याच पायावर येतं. फेकलेल्या वस्तूला आपला-परका कळत नाही, हे त्या कवचाने किती मुलांना शिकवलं असेल!

माणूस फेकणं : मुस्तफाचा धडा

वस्तूवरून माणसाकडे येऊ. ज्यांनी नाणी टाकून पार्लरमध्ये गेम खेळले, त्यांना ‘मुस्तफा’ सांगायला नको. त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’, १९९३ चा, कॅपकॉम कंपनीचा. पण आपल्याकडे तो पिवळ्या टोपीच्या मुस्तफाच्या नावानेच चालला.

त्यात गुंडाच्या अगदी अंगाला भिडलं की आपोआप पकड बसायची. मग त्याला दुसऱ्या गुंडांच्या अंगावर फेकायचं. चार जण चालून आले तर एकाला धरून बाकीच्यांवर टाकायचं. तिथे त्याला कुणी चीटिंग म्हटलं नाही, कारण समोर संगणक होता. संगणकाला आपटलं तर तो रडत आजोबांकडे जात नाही. पण समोर भाऊ बसला की हाच डाव अन्याय वाटू लागतो.

समोरासमोरची लढत : पकड कशासाठी?

१९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ पासून दोन माणसांच्या लढतीचा साचा पक्का झाला. काठी मागे ओढून धरली की तुमचा गडी बचावात उभा राहतो आणि समोरचे ठोसे-लाथा अडवतो. आता विचार करा, एवढंच असतं तर? जो हल्ला करेल त्याचं नुकसान, जो बसून राहील तो सुरक्षित. मग कोण पुढे जाईल?

म्हणून पकड ठेवली. पकड अडवता येत नाही. ती बचाव करणाऱ्यासाठीच आहे. पण तिला दोन बाजूंनी मर्यादा आहेत. एक, अगदी जवळ जावं लागतं. दोन, समोरचा गप्प उभा असेल तरच ती बसते. तो ठोसा मारत असेल तर तुमचा हात पोचण्याआधी ठोसा लागतो. त्याने उडी मारली तर हात रिकामा.

मुलांच्या दगड-कागद-कात्रीसारखंच हे. बचाव ठोशाला हरवतो, पकड बचावाला हरवते, ठोसा पकडीला हरवतो. तिन्हीतलं एक काढलं की खेळ लंगडा होतो.

‘स्ट्रीट फायटर ६’ मध्ये हलका ठोसा आणि हलकी लाथ ही दोन बटणं एकदम दाबली की पकड सुरू होते. ती लागू व्हायला ५ फ्रेम, म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. हुकली, तर हात आवरेपर्यंत वीसच्या पुढे फ्रेम जातात. तो हाच उघडा क्षण. तेवढ्यात समोरचा तुम्हाला मनसोक्त झोडपू शकतो.

पकड सोडवताही येते. समोरच्याने धरल्या क्षणी तुम्हीही तीच दोन बटणं दाबायची, की दोघं झटक्याने वेगळे होतात. मात्र पाहून मग ठरवायला वेळ पुरत नाही. तो धरणार, हे आधीच ओळखावं लागतं. आणि चुकीच्या वेळी सोडवायला गेलात, तर तुमचीच पकड हवेत हुकते. मुरलेले खेळाडू नेमकं हेच करतात. जवळ येतात, धरणार असं भासवतात, अर्धं पाऊल मागे सरतात आणि तुमचा हात रिकामा गेला की मारतात.

‘टेक्केन’मध्ये याचं आणखी सुंदर रूप आहे. तिथे बहुतेक साध्या पकडी खाली बसून चुकवता येतात. सोडवायची तर समोरच्याचा डावा हात पुढे आला, उजवा आला की दोन्ही आले, त्याप्रमाणे वेगळं बटण लागतं. आणि ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ हा प्लॅटफॉर्म आणि लढत यांचा संगम. तिथे मार खाल्ल्यावर अंगावरचा टक्का वाढत जातो. टक्का जितका जास्त, तितका माणूस फेकल्यावर लांब जातो. मैदानाबाहेर गेला की संपला.

आखाड्यात हे जुनंच आहे

आपल्या मराठी माणसाला खरं तर हे समजायला जड नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ते कुस्तीत, आणि कुस्तीत पकडीला कुणी चीटिंग म्हणत नाही. धोबीपछाड, कलाजंग, ढाक, मोळी हे डाव शिकवतानाच वस्ताद त्याची तोडही शिकवतात. डाव शिकवला आणि तोड लपवली, तर ते शिकवणं अर्धवट.

दुसरी गोष्ट, आजच्या फ्रीस्टाइल कुस्तीत नुसता बचाव करत राहणाऱ्याला पंच ताकीद देतात. पुढे ३० सेकंदांची मुदत लावतात. त्यात त्याला गुण मिळवता आला नाही, तर गुण समोरच्याला जातो. कुस्तीत जे काम पंच करतो, तेच काम गेममध्ये पकड करते. बसून राहणाऱ्याला ती उठवते.

आणि हे फक्त पोरांचं खूळ आहे असंही समजू नका. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’ पदकाचा खेळ होता. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास त्यात उतरले होते.

माझा हुकूम आणि त्याचं काय झालं

आता घरी परत येऊ. मी पकड बंद केली. पहिल्या दिवशी धाकटा खूश. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दोघंही मागे सरून बसलेले. ज्याचा एक ठोसा आधी लागला, तो पुढची सगळी वेळ अडवण्यात घालवायचा. त्या खेळात सतत अडवलं तर खालची हिरवी पट्टी झिजते, पण ती संपवायला पुढे जाऊन मारावं लागतं आणि तेवढी हिंमत दोघांतही नव्हती. ९९ सेकंदांचं घड्याळ संपायची वाट बघत दोन मुलं पडद्यासमोर जांभया देत होती. त्यात धाकटाच जास्त हरत होता, कारण पहिला ठोसा बहुतेक वेळा थोरल्याचा असायचा. ज्याला वाचवायला हुकूम काढला, त्याचंच नुकसान झालं.

मग मी दोघांना बोलावलं. चूक माझी होती, हे आधी सांगितलं. हुकूम मागे घेतला आणि थोरल्याला एक काम दिलं, “धाकट्याला तोड शिकव. तू धरत राहा, तो सोडवत राहील. वीस वेळा.” थोरला म्हणाला, “मग तो मला हरवेल ना?” मी म्हटलं, “हरव म्हणावं.”

पहिल्या वीसात धाकट्याने तीन सोडवल्या. संध्याकाळपर्यंत निम्म्या. तो अजूनही हरतो. पण आता हरल्यावर रिमोट भिरकावत नाही, “पुन्हा धर” म्हणतो.

थोडक्यात

फेक गेममध्ये असो की आखाड्यात, तिच्यात तीन गोष्टी बघा. ती कुणासाठी ठेवली आहे, फेकणारा किती वेळ उघडा पडतो, आणि तिची तोड काय. तिन्हींची उत्तरं मिळत असतील तर ती चीटिंग नाही. तोडच नसेल, तर मात्र तुमच्या पोराची तक्रार खरी माना.

या आठवड्याचा अभ्यास : घरात मुलं असा गेम खेळत असतील तर शेजारी बसा आणि विचारा, “याची तोड काय?” सांगता आली तर कौतुक करा. नाही आली तर दोघं मिळून शोधा. पुढच्या भागात आपण बचाव बघू, म्हणजे अडवणं नेमकं कसं चालतं ते. तोवर, नमस्कार.