घराचा पत्ता ठरवतो संघ : कॅनडाच्या किशोर हॉकीतील रहिवासाची अट

नवी दिल्ली : कॅनडात नुसते ‘हॉकी’ म्हटले की ती बर्फावरची हॉकी असते, आपल्या परिचयाच्या खेळाला तिकडे ‘फील्ड हॉकी’ असे वेगळे नाव घ्यावे लागते. या बर्फावरच्या हॉकीत मूल कोणत्या संघासाठी निवडचाचणी देऊ शकेल, हे त्याच्या कौशल्याआधी त्याच्या आईवडिलांचा पत्ता ठरवतो. नावनोंदणीच्या वेळी जन्मदाखल्याबरोबर वीजबिल किंवा भाडेकरार का मागितला जातो, याचे उत्तर या नियमात आहे. नव्याने तिकडे गेलेल्या भारतीय कुटुंबांनाही तो लागू होतो.

कॅनडात मुलांच्या हॉकीचे नियमन ‘हॉकी कॅनडा’ ही शिखर संस्था करते. तिच्या छत्राखाली प्रांतीय संघटना आणि त्यांच्या खाली गावोगावच्या स्थानिक संघटना येतात. स्थानिक संघटनेची हद्द नकाशावर आखलेली असते. अल्पवयीन खेळाडूचा रहिवास म्हणजे त्याच्या पालकांचा रहिवास, हे मूळ तत्त्व. केवळ मामाकडे किंवा आत्याकडे राहायला गेल्याने हद्द बदलत नाही. दुसरीकडे खेळायचे असल्यास आपल्या संघटनेचे ना हरकत पत्र लागते. गावात त्या वयोगटाचा वा दर्जाचा संघच नसेल, तर ते सहसा मिळते. संघाचा आधारस्तंभच निघून जात असेल, तर पदाधिकारी हात आखडता घेतात. ‘ट्रिपल ए’ या वरच्या श्रेणीसाठी मात्र अनेक गावे मिळून एक मोठा विभाग केलेला असतो.

ही अट जाचक वाटली तरी अकारण नाही. बर्फाचे रिंक चालवणे खर्चिक असते. बहुतेक रिंक नगरपालिकेच्या मालकीची, म्हणजे स्थानिक करदात्यांच्या पैशावर उभी असतात आणि बर्फाचे तास मोजके असतात. प्रशिक्षक व व्यवस्थापक अनेकदा मुलांचे पालकच असतात आणि ते विनामोबदला राबतात. छोट्या गावात एका वयोगटाचा जेमतेम एक संघ उभा राहतो. त्यातील दोन-तीन चांगली मुले आणि गोलरक्षक शेजारच्या शहराने नेला, तर नुकसान केवळ स्पर्धेतील क्रमांकाचे होत नाही. मागे राहिलेल्या दहा-बारा मुलांचा संघच मोडतो.

या नियमाशी झालेला सर्वांत गाजलेला संघर्ष वेन ग्रेट्झ्की यांचा. नॅशनल हॉकी लीगमध्ये २,८५७ गुणांचा विक्रम करणारा हा खेळाडू ओंटारिओतील ब्रँटफर्डचा. दहाव्या वर्षी एका हंगामात त्याने ३७८ गोल केले होते. या प्रसिद्धीमुळे गावात त्याच्यावर येणारा ताण वाढला आणि १९७५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, कुटुंबाने त्याला सुमारे १०० किलोमीटरवरील टोरोंटोला एका परिचित कुटुंबाकडे ठेवण्याचे ठरवले. आईवडील ब्रँटफर्डलाच राहणार होते, त्यामुळे नियम आडवा आला. प्रकरण कायदेशीर लढाईपर्यंत गेले. शेवटी टोरोंटोत तो खेळला, पण समवयस्कांच्या संघात नव्हे, तर वीस वर्षांपर्यंतचे तरुण असलेल्या ‘ज्युनिअर बी’ गटात. तेथे २८ सामन्यांत ६० गुण मिळवून तो सर्वोत्तम नवोदित ठरला. प्रत्येक मूल ग्रेट्झ्की नसते, हे नियमाचे समर्थक सांगतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु त्या कुटुंबाला हवे होते ते मुलाला थोडी शांतता मिळावी एवढेच, आणि त्यासाठी नियमात जागा नव्हती.

अडचण पैशाचीही आहे. पत्ता हाच निकष असेल, तर पत्ता विकत घेता येतो. हव्या त्या हद्दीत घर भाड्याने घेणाऱ्या कुटुंबापुढे नियम निरुपाय होतो. ज्याला घर बदलणे परवडत नाही, त्याच्यावरच तो पूर्ण भार टाकतो.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने यातून एक मधला मार्ग काढला आहे. तेथेही खेळ गावाशी बांधलेला आहे, पण मूल जेथे राहते किंवा जेथे शाळेत जाते, त्यांपैकी एका ठिकाणी खेळू शकते. गावाशी बांधल्याने प्रतिभा खुंटते, असे मिनेसोटाकडे पाहून म्हणता येत नाही. १९८० च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या २० खेळाडूंपैकी १२ जण याच राज्याचे होते.

कॅनडाच्या व्यवस्थेतील मोठी विसंगती पुढच्या टप्प्यावर दिसते. पंधराव्या वर्षापर्यंत शेजारच्या गावात खेळण्यासही परवानगी लागते. त्यानंतर मोठ्या ज्युनिअर लीगची निवडप्रक्रिया त्याच मुलाला शेकडो किलोमीटर दूर, परक्या यजमान कुटुंबात पाठवू शकते. टोरोंटोत वाढलेल्या एरिक लिंड्रॉस याला १९८९ मध्ये सुमारे ७०० किलोमीटरवरील सू सेंट मरी येथील संघाने निवडले. त्याने तेथे जाण्यास नकार दिला आणि त्याचे हक्क अखेर टोरोंटोजवळच्या ओशावा संघाकडे गेले.

हद्दी आणि सवलती प्रांतागणिक वेगळ्या आहेत व त्या बदलतही असतात. म्हणून हॉकी खेळणारे मूल घेऊन कॅनडात जाणाऱ्या पालकांनी भाडेकरारावर सही करण्यापूर्वीच ते घर कोणत्या संघटनेच्या हद्दीत येते, हे संबंधित प्रांतीय संघटनेकडून विचारून घ्यावे. निवडचाचण्या अनेक ठिकाणी हंगामाच्या कितीतरी आधी होतात.