नॉकिंग टिपणारा सेन्सर

एप्रिल-मेमध्ये जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो. तापलेली हवा, गाडीत पाच माणसं आणि चढावरही वरचाच गिअर. पेट्रोल इंजिनात नॉकिंग व्हायला एवढं पुरतं. ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतं, टकटक ऐकू येते. असंच चालू राहिलं तर पिस्टन फुटू शकतो.

इंजिन ब्लॉकवर बोल्टने कसलेल्या नॉक सेन्सरमध्ये पिझो चकती असते. कंपनाने ती दाबली गेली की व्होल्टेज तयार होतं. नॉकिंगची कंपनं सेकंदाला काही हजार असतात. ती ओळखताच इंजिनचा संगणक (ईसीयू) ठिणगी थोडी उशिरा टाकतो आणि मग तिची वेळ हळूहळू पूर्ववत आणतो. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावा. तो ढिला राहिला तर सेन्सरला नीट ‘ऐकू’ येत नाही.

नॉकिंगशी संबंध नसला, तरी बॉनेटखालच्या आणखी एका भागाबद्दल थोडं: स्ट्रट ब्रेस म्हणजे सस्पेन्शनचे दोन स्ट्रट टॉवर जोडणारा दांडा. बसवताना गाडी सपाट जागी, चाकांवर उभी हवी, जॅकवर नको. समृद्धी महामार्गाच्या सरळ पट्ट्यावर त्याचा फरक जाणवणार नाही, वळणावर थोडा जाणवेल. आमच्या मते आधी चांगले टायर घ्यावेत.