डिप्लोपिया: ‘दोन दिसतंय’ म्हणजे नक्की काय?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली, ती आधी सांगते. वारणा खोऱ्यातल्या सर्पदंशाच्या जुन्या केसपेपरवर माझं काम चालू आहे. त्यातली लक्षणं एक्सेलमध्ये भरताना ‘डबल दिसते’, ‘अंधुक दिसते’, ‘डोळ्यांपुढे अंधारी’ या सगळ्या नोंदी मी ‘डिप्लोपिया’ या एकाच रकान्यात टाकल्या. दोन महिने हेच चाललं होतं. गाइड मॅडमनी शीट बघून एवढंच विचारलं, “यातल्या किती जणांना खरंच दोन दिसत होतं?” मला सांगता येईना. सगळं परत भरावं लागलं.

ग्रीकमध्ये ‘डिप्लूस’ म्हणजे दुहेरी आणि ‘ऑप्स’ म्हणजे डोळा. मराठीत द्विदृष्टी. एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसणं, एवढाच याचा अर्थ. अंधुक दिसणं वेगळं, चक्कर वेगळी. कल्पना तशी जुनीच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात एकाची दोन रूपं दिसण्याची अवस्था सांगितली आहे आणि तिमिर झालेल्याला दिसणारे दोन चंद्र हा आपल्या दर्शनशास्त्रातला भ्रमाचा ठरलेला दाखला.

पण संशोधनात अर्थ पाठ असून भागत नाही. विचारायचा पहिला प्रश्न असा: एक डोळा झाकला की दुसरी प्रतिमा जाते का? एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोनच दिसत असतील, तर ती एकनेत्री द्विदृष्टी. दोष बहुधा त्या डोळ्यातच असतो: मोतीबिंदू, चष्म्याचा तिरपा नंबर, बुबुळाचा बदललेला आकार. कुठलाही एक डोळा झाकल्यावर एकच दिसत असेल, तर ती द्विनेत्री. म्हणजे प्रत्येक डोळा आपल्या जागी ठीक बघतोय, पण दोघांची दिशा जुळत नाही. प्रत्येक डोळा हलवायला सहा स्नायू आणि त्यांना आज्ञा देणाऱ्या मेंदूच्या तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या नसा. यात कुठेही बिघाड झाला की दोन दिसू लागतं. मधुमेहात यातली एखादी नस काही काळ लुळी पडू शकते. दारू जास्त झाली तरी दोन दिसतं, आणि हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता वापराबद्दल. ‘रुग्णाला डिप्लोपिया या आजाराचे निदान झाले’ असं वाक्य प्रबंधात लिहू नका. डिप्लोपिया हे लक्षण आहे, रुग्ण सांगतो ते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याला एच ५३.२ हा कोड आहे. पण कारण सापडलं की कोड बदलू शकतो. सहाव्या नसेचा पक्षाघात एच ४९.२ मध्ये जातो. म्हणून नुसत्या एच ५३.२ वर रेकॉर्ड शोधलं, तर कारण सापडलेले बरेच रुग्ण हातातून निसटू शकतात.

हे सगळं माझ्या शीटमध्ये का महत्त्वाचं, ते मण्यारीमुळे कळलं. मण्यार बहुतेक वेळा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जागेवर सूज नाही, खूण दिसेलच असं नाही. तिचं विष नसा आणि स्नायू जुळतात तिथे संदेश अडवतं. पापण्या जड होतात, दोन दिसतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पहाटे कुणी ‘दोन दिसतंय’ म्हणत धडपडत उठला, तर घरच्यांना आधी रात्रीची दारू आठवते. त्यात जे तास जातात, ते प्रतिविषाचे असतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे विंचू आणि सर्पदंशावरचे लेख जरूर वाचा. गावातल्या दवाखान्यात खाटेशेजारी केलेल्या नोंदींतून केवढं संशोधन उभं राहतं, ते तिथे दिसतं.

आणखी एक खोच आहे. पापणी पूर्ण खाली आली की तो डोळा आपोआप झाकला जातो. मग दोन दिसणं थांबतं! स्नायू लुळेच असतात, विष चढतच असतं, पण रुग्ण म्हणतो, “आता येकच दिसतंय, बरं हाय.” कागदावर ते सुधारणा म्हणून उतरू शकतं.

म्हणून आता माझ्या शीटमध्ये डिप्लोपियाचे तीन पर्याय आहेत: आहे, नाही आणि नोंद नाही. ‘नाही’ आणि कोरी जागा एक धरायची नाही. शेजारच्या रकान्यात पापणीची स्थिती आणि नोंदीची वेळ. शेवटच्या रकान्यात रुग्णाचे शब्द, जसेच्या तसे. तो बहुतेक रिकामाच राहतो. एका केसपेपरवर मात्र कुणीतरी पहाटे ५ च्या नोंदीत निळ्या पेनने लिहून ठेवलंय, “रस्तं दोन दिसाय लागल्यात.” त्या ओळीपुढे मी बिनधास्त ‘आहे’ लिहिलं.