कीडनियंत्रणाचा धंदा व त्याचा परवाना

पुण्याची महात्मा फुले मंडई इ. स. १८८६ मध्ये उघडली. मुंबई इलाख्याच्या तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून तिला त्या काळी रे मार्केट म्हणत. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेल्यास आता बराच काळ लोटला. तथापि किरकोळ भाजीपाला, फळे व भोवतालच्या पेठांतील दुकाने यांमुळे मंडईची वर्दळ कायम आहे. जेथे धान्य, भाजी व माणसे एकत्र येतात, तेथे उंदीर, घुशी, झुरळे आणि माश्या यांस आमंत्रण लागत नाही. उंदरांकडे दुर्लक्ष केल्याने काय ओढवते, हे १८९७ च्या प्लेगने पुणे शहरास पुरते शिकवले आहे. अशा ठिकाणी कीड व उंदीर यांचा बंदोबस्त करून देणे हा एक स्वतंत्र धंदा झाला आहे. त्याचे नियम शेतकऱ्याने समजून घेणे दोन कारणांनी अगत्याचे आहे. एक तर आपल्या वखारीतील धान्यास धुरी देण्यासाठी हीच माणसे बोलावावी लागतात. दुसरे असे की, शेतकीची पदवी घेतलेल्या आपल्या मुलांस हा धंदा करण्याजोगा आहे.

प्रथम कायद्याचा विचार करू. १९५८ साली केरळ व मद्रास राज्यांत पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक वाहतुकीत खाद्यपदार्थांस लागले आणि शंभरावर माणसे प्राणास मुकली. त्यानंतर झालेल्या चौकशीतून व विचारविनिमयातून १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आणि १९७१ चे नियम जन्मास आले. या कायद्याने कीटकनाशकाची नोंदणी केंद्र सरकारच्या नोंदणी समितीकडे ठेवली आणि उत्पादन, विक्री व कीडनियंत्रण यांचे परवाने राज्य सरकारने नेमलेल्या परवाना अधिकाऱ्याकडे सोपविले. महाराष्ट्रात हे काम कृषी खात्याकडे असून त्या खात्याचे आयुक्तालय पुण्यातच आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आपल्या घरात, आपल्या परसात किंवा आपण कसत असलेल्या जमिनीत कोणी कीटकनाशक वापरले, तर त्या वापरास हा अधिनियम लागू होत नाही. कलम ३८ मध्ये तशी स्पष्ट सूट आहे. परंतु तोच मनुष्य मोबदला घेऊन दुसऱ्याच्या घरात, दुकानात वा वखारीत औषध मारू लागला की तो धंदा झाला, आणि त्यास परवाना हवा. हा भेद सयुक्तिक आहे. स्वतःच्या शेतात मनुष्य स्वतःच्या जबाबदारीवर वागतो; दुसऱ्याच्या घरी मात्र ज्यांना त्या विषाची माहितीही नाही अशी लेकरे व म्हातारी माणसे त्याच्या हाती असतात.

परवान्याचा मुख्य आधार शिक्षण हा आहे. अर्जदार शेतकीचा, अथवा रसायनशास्त्र हा विषय घेतलेला विज्ञानाचा पदवीधर असावा लागतो. त्याशिवाय त्याने निदान पंधरा दिवसांचे शिक्षण मान्य संस्थेत घेतलेले असावे. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, हापूरची धान्य साठवण संस्था व हैदराबादची वनस्पती संरक्षण संस्था या त्यांपैकी होत. केवळ भांडवल आहे म्हणून परवाना मिळत नाही, हे चांगलेच आहे.

धुरीच्या औषधांस याहून कडक बंधन आहे. धान्यातील सोंडे व भुंगेरे मारण्यास ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या वापरतात. हवेतील ओलाव्याने गोळीतून फॉस्फीन वायू सुटतो व तो धान्याच्या राशीत खोलवर शिरतो. हा वायू प्राणघातक असून त्यावर उतारा नाही. म्हणून या गोळ्या सरकारी खाती, सरकारी संस्था व केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांनी ज्यांचे कौशल्य मान्य केले आहे असे कीडनियंत्रक यांनाच विकता येतात. दहा व वीस गोळ्यांच्या नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे. तरीही ओळखीच्या दुकानातून गोळ्या आणून घरातील कणगीत टाकणारे लोक आहेत. रात्री त्याच खोलीत कुटुंब निजते आणि वायू माणूस व किडा असा भेद करीत नाही. आपले पूर्वज पेव उघडल्यावर ते काही काळ तसेच मोकळे ठेवीत आणि आत दिवा सोडून पाहिल्यावाचून उतरत नसत. परंतु पेवातील कोंडलेल्या हवेची ती परीक्षा फॉस्फीनला लागू पडत नाही. येथे वायू मोजण्याचे यंत्र व जाणता मनुष्यच पाहिजे, आणि राहत्या घरात ही धुरी मुळीच देऊ नये.

आता धंदा चालविण्याविषयी. मंडईसारख्या जागी फवारा हे पहिले साधन नव्हे, शेवटचे होय. भाजीच्या ढिगाशेजारी औषध उडविणे म्हणजे ते ग्राहकाच्या ताटात वाढणे. जाणता कीडनियंत्रक आधी जागा फिरून पाहतो. उंदीर कोठून येतात, काय खातात, पाणी कोठे पितात याची टिपणे करतो. नंतर सडका माल रोज उचलण्यास, गटारास जाळी बसविण्यास व भिंतीची बिळे बुजविण्यास मालकास सांगतो. मग सापळे, आणि कुलूपबंद पेटीतील आमिष. झिंक फॉस्फाईड वापरायचे झाल्यास आधी काही दिवस बिनविषारी आमिष खाऊ घालावे लागते. तसे न केल्यास विषाने न मेलेला उंदीर पुन्हा त्या आमिषास तोंड लावीत नाही. खाद्यपदार्थांच्या धंद्यास कीडनियंत्रण ठेवणे अन्नसुरक्षेच्या नियमांनीही बंधनकारक आहे. त्यामुळे खानावळी व दुकाने वार्षिक करार करतात आणि धंद्यास स्थिर उत्पन्न मिळते. हे उत्पन्न विषाच्या मापावर अवलंबून नसून वारंवार येऊन पाहण्यावर अवलंबून आहे. प्रत्येक भेटीची तारीख, औषधाचे नाव व प्रमाण वहीत लिहून मालकाची सही घ्यावी.

नोकरांची काळजी हा या धंद्यातील सर्वांत उपेक्षित भाग होय. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले, हे आपण विसरू नये. नियमांप्रमाणे फवारणी करणाऱ्या माणसाची कामावर घेण्यापूर्वी व पुढे दर वर्षी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. हातमोजे, मुखपट्टी व संरक्षक कपडे मालकाने द्यावयाचे असतात. रिकामे डबे भंगारात विकणे किंवा पाणी भरण्यास देणे हा तर अपराधच समजावा. ते फोडून, वस्तीपासून दूर पुरून टाकावेत.

धंदेवाल्यास बोलाविताना शेतकऱ्याने चार गोष्टी विचाराव्यात. परवाना दाखवावा, धुरी द्यावयाची असल्यास स्वतंत्र मान्यता दाखवावी, औषधाचा मूळ डबा दाखवावा, आणि वखार किती दिवस बंद ठेवावी व केव्हा उघडावी हे लेखी द्यावे. डब्यावरील त्रिकोणाचा रंगही पाहावा. तांबडा अतिजहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व सर्वांत सौम्य हिरवा. जो या प्रश्नांनी रागावतो त्यास परत पाठवावे. स्वस्तात काम करून देणारा बिनपरवाना मनुष्य चार पैसे वाचवितो खरा, परंतु अपघात घडल्यास त्याचा पत्ता लागत नाही आणि धान्यही खाण्याजोगे राहत नाही.

ज्या तरुणांस शेतकीची पदवी असूनही नोकरीची वाट पाहावी लागते, त्यांनी या धंद्याकडे अवश्य पाहावे. किडीचा जीवनक्रम ते शिकलेलेच आहेत. धान्य कोठे व कसे किडते हे त्यांनी घरीच पाहिलेले आहे. पंधरा दिवसांचे शिक्षण, रीतसर परवाना व प्रामाणिक वही एवढ्या सामग्रीवर तालुक्याच्या गावीही हा धंदा उभा राहू शकतो, आणि गावची वखार अजाण हातांतून सुटते.