धाकट्याला ‘शू’ केव्हा कळते?

आषाढात आरमोरीच्या आसपास धानाची रोवणी जोरात असते. मोठी माणसे सकाळीच बांधीत जातात आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम पुष्कळदा तुमच्याकडे येते. दीड-दोन वर्षांचे ते पोर खेळता खेळता चटईवरच शू करते. तुम्ही ओरडता, “आधी सांगायला काय झालं होतं?” ते नुसते तुमच्या तोंडाकडे पाहत राहते. मित्रांनो, त्याने मुद्दाम सांगितले नाही, की त्याला सांगता येतच नव्हते?

आता असे पाहा. आपली मूत्रपिंडे रक्त गाळून मूत्र तयार करतात. ते थेंबाथेंबाने मूत्राशयात साठते. मूत्राशय ही स्नायूंची लवचीक पिशवी आहे. तिच्या तोंडाशी दोन वर्तुळाकार स्नायू असतात. आतला आपोआप चालतो; बाहेरचा मात्र आपल्या इच्छेने आवळता येतो. पिशवी भरून ताणली, की मज्जातंतूंमार्फत मज्जारज्जूला आणि मेंदूला वर्दी जाते. ‘थांब, जागा मिळू दे’ असा हुकूम मेंदू देतो.

तान्ह्या बाळाच्या मेंदूचा असा ताबा अजून बसलेला नसतो. म्हणून पिशवी थोडी भरली की रिकामी होते. दिवसातून वीसेक वेळासुद्धा! वाढत्या वयाबरोबर पिशवी मोठी होते. दुसऱ्या वर्षी तिच्यात साधारण १२० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप भरेल एवढे मूत्र मावते. मेंदूकडून येणारे मज्जामार्गही हळूहळू पक्के होतात.

ही वाढ शिकवण्याने लवकर होते का? अमेरिकेतील शास्त्रज्ञ मर्टल मॅकग्रॉ यांनी जुळ्या भावंडांवर याची परीक्षा केली आणि १९४० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जुळ्यांपैकी एकाला तान्हेपणापासूनच वरचेवर भांड्यावर बसवले. दुसऱ्याला पुष्कळ उशिरा बसवायला सुरुवात केली. मौज अशी, की उशिरा शिकलेल्याने पहिल्याला झटपट गाठले!

“पण आमची आजी तर तीन महिन्यांच्या बाळाला पायांवर बसवून ‘शूऽऽ’ म्हणते आणि बाळ शू करते!” असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पूर्व आफ्रिकेतील डिगो लोकांत अशीच लवकर सवय लावतात, हे १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदले आहे. या रीतीने लंगोट कमी भिजतात. मात्र येथे बाळाची वेळ आजी ओळखते. स्वतः ओळखून, थांबवून, सांगणे ही पुढची पायरी.

ती पायरी बहुधा दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येते. मूल दोन तास कोरडे राहते का? उकिडवे बसून उठते का? साधी सूचना समजते का? ओले झालेले त्याला खुपते का? अशी लक्षणे दिसली, की सुरुवात करावी. दोन मुलांची तुलना करू नये. रोवणीच्या घाईत आणि लंगोट वाळत नाहीत अशा पावसात आरंभ करण्यापेक्षा घरात निवांतपणा असेल ते दिवस बरे.

रीत साधी आहे. सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर बसवावे. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणून तेव्हा शी होण्याचा संभव अधिक. संडासाच्या भोकाची भीती वाटत असेल तर लहान भांडे द्यावे. पाच मिनिटांत झाले नाही, तर उठू द्यावे. झाले तर शाबासकी द्यावी.

मारू मात्र नका. भ्यालेले मूल शी आवरून धरते. अडलेल्या शीतले पाणी आतडे शोषते आणि ती कडक होते. मग बसताना दुखते आणि मूल आणखीच आवरते! रात्रीचा ताबा तर सर्वांत शेवटी येतो. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे नवलाचे नाही. पण शू करताना दुखले, किंवा कोरडे राहणारे मूल पुन्हा भिजवू लागले, तर घरच्यांना सांगून दवाखान्यात दाखवावे.

आणखी एक गोष्ट. ‘लहान मुलाची शी म्हणजे काय, उकिरड्यावर टाकली तरी चालते’ हा समज चुकीचा आहे. तिच्यातही हगवणीचे जंतू आणि जंतांची अंडी असू शकतात. ती संडासातच टाका आणि नंतर बाळाचे व आपले हात साबणाने धुवा.

आता एक प्रयोग करा. तीन दिवस जुन्या वहीत भावंडाच्या ‘शू’च्या वेळा लिहा आणि दोन वेळांमधले अंतर काढा. अंतर वारंवार दोन तासांचे येऊ लागले, तर पिशवी तयार होत आहे असे समजा. ती वही आईला दाखवा. आणि अंतर कमी आले, तर ओरडण्याऐवजी चटई पुसा. पोर अजून वाढते आहे!