घरात लेक, शाळेत गुरू

रमजानच्या रोजाला इंडोनेशियात ‘पुआसा’ म्हणतात. हा आपला ‘उपवास’च आहे, फक्त समुद्र ओलांडून तिकडे स्थायिक झालेला. शिक्षकाला तिथेही ‘गुरू’च म्हणतात, विद्यार्थ्याला ‘सिस्वा’ आणि भाषेला ‘बहासा’. कोट्यवधी मुसलमानांच्या तोंडी हे शब्द रोज असतात आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

याच देशातील पूर्व जावाच्या गावांत २०१० पासून अमेरिकी तरुण-तरुणी इंग्रजी शिकवायला येऊ लागले. अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये सुरू केलेल्या ‘पीस कोअर’ या सरकारी योजनेचे हे स्वयंसेवक. त्याआधीही एक तुकडी १९६३ मध्ये इंडोनेशियात आली होती, पण राजकारण तापले आणि १९६५ मध्ये तिला परतावे लागले. मधल्या पंचेचाळीस वर्षांनंतर पुन्हा दार उघडले, ते शाळांचे. त्यात मदरसेही होते. तिथला मदरसा म्हणजे धर्मशिक्षणाबरोबर गणित-विज्ञान शिकवणारी रीतसर शाळा. मुक्काम दोन वर्षांचा. वर्गात स्थानिक शिक्षकाच्या जोडीने शिकवायचे आणि राहायचे गावातल्याच एखाद्या कुटुंबात.

या शेवटच्या अटीतच सगळी गोम आहे. शाळेत जिला ‘गुरू’ म्हणून मान मिळतो, तिला घरी आल्यावर धड अंघोळही करता येत नाही. हौदातले पाणी डबक्याने अंगावर घ्यायचे, हौदात उतरायचे नाही, हे घरातले लहान पोरही जाणते. जेवण उजव्या हाताने. वडीलधाऱ्यांसमोरून जाताना थोडे वाकून जायचे. बोलायचे म्हटले तर जावाच्या भाषेत मोठ्यांसाठी शब्दच वेगळे. आपल्याकडे ‘ये’चे ‘या’ केले की भागते. तिथे कित्येकदा अख्खा शब्द बदलतो. घरच्या बाईला ‘इबू’, म्हणजे आई, म्हणायचे. ती दिवसातून चारदा विचारणार, ‘जेवलीस का?’ या प्रश्नापुढे पदवी-बिदवीचा काही उपयोग नसतो.

रमजानमध्ये ही शिकवणी आणखी पक्की होते. पहाटे पोरांची टोळी बांबूची ठोकणी वाजवत ‘साहुर, साहुर’ ओरडत गल्लीतून जाते. साहुर म्हणजे आपली सहरी. घर जागे झाले की पाहुणीही जागी होतेच. रोजा धरण्याची तिच्यावर सक्ती नसते, तरी काही जण घराबरोबर धरून पाहतात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी इबू झाकून ठेवते. स्वतः रोजा असताना दुसऱ्यासाठी दुपारचे ताट वाढणे ही गोष्ट साधी नाही. ज्या घरांत हे घडते, तिथे त्याची वाच्यता होत नाही. संध्याकाळी मशिदीतला मोठा ढोल, ‘बेदुग’, वाजला की सगळे एकत्र बसतात. नारळाच्या दुधात केळी किंवा रताळी घालून केलेला, गुळाच्या चवीचा ‘कोलक’ समोर येतो. शाळकरी मुलांजवळ रमजानची वही असते. तरावीहची नमाज झाली की वहीवर इमामाची सही घ्यायला ती गर्दी करतात.

एकाच घरात राहण्याला इतके महत्त्व का, हे समजायला ‘पीस कोअर’च्याच पहिल्या वर्षातली एक घटना आठवावी लागते. ऑक्टोबर १९६१. नायजेरियातील इबादान येथे प्रशिक्षण घेणाऱ्या एका तरुण अमेरिकी स्वयंसेविकेने मायदेशी पाठवायला एक पोस्टकार्ड लिहिले. तिथल्या राहणीमानाला तिने त्यात मागासलेले म्हटले होते. कार्ड हातातून पडले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना सापडले. निदर्शने झाली, स्वयंसेवकांना परत पाठवण्याची मागणी झाली. तिने माफी मागितली, पण शेवटी तिला मायदेशी परतावे लागले. ती दुष्ट नव्हती, नवखी होती. पाहिले ते तिने लिहिले, इतकेच. पण ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांपैकी कुणाच्या चुलीशी ती अजून बसली नव्हती.

पूर्व जावातल्या घरातही चुका होतातच. चुकीचा शब्द जातो, कुणाचे मन दुखावते, आणि बरेचदा तोंडावर कुणी बोलून दाखवत नाही. त्याचा हिशेब ईदला होतो. तिथे ईदला ‘लेबारान’ म्हणतात. त्या दिवशी धाकटी माणसे थोरांच्या पायाशी बसून, गुडघ्यावर डोके टेकवून माफी मागतात. शाळा उघडली की तिथेही तेच, ‘हलाल बिहलाल’ या नावाने. शिक्षक ओळीने उभे राहतात आणि मुले एकेकाचा हात हातात घेऊन पुढे सरकतात. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: जे उघड चुकले आणि जे मनातल्या मनात चुकले, त्याची माफी असावी. परदेशी शिक्षिकाही त्याच ओळीत असते. मुलाने वाक्य म्हटले की तिलाही तेच म्हणायचे असते, प्रत्येक मुलाला, रांग संपेपर्यंत.